कागारियाची पहिली हाक

सेंजु, टोकियो
४ जून

चि. तोमोका,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन गोड ओळी लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून लिहितो : दमट आहे. झालं.

आता कामाचं. तुझा काका गेले तेरा दिवस एक अक्षर बोललेला नाही. हे तुझ्या बापाला कळवू नकोस, तो आनंदाने दोन दिवसांची रजा काढेल. घशात आवाजाच्या पडद्यावर वाटाण्याएवढी गाठ निघाली. साधीच होती, कापून टाकली. पण डॉक्टरचा हुकूम आहे की महिनाभर कडकडीत मौन आणि ऑगस्टपर्यंत आवाज चढवायचा नाही. डॉक्टर म्हणजे कालचं कार्टं. घशात नळी घालून मला म्हणतो, "मोमोसे-सान, वय बहात्तर लिहिलंय, पण पडदे शंभरीचे दिसतात. धंदा काय तुमचा?" मी पाटीवर लिहिलं, न्हावी. "न्हाव्याला एवढं ओरडायला लागतं?" तेवढ्यात तुझी काकू बोललीच. "दुकानात नाही हो, नाटकाला जाऊन ओरडतात." त्यानंतर त्याने माझा रक्तदाब दोनदा मोजला.

तुला म्हणून सांगतो, मी ओरडत नाही. मी हाक देतो. काबुकी नाटकातला नट ऐन प्रसंगात पवित्रा घेतो, डोळे तिरळे करून जागच्या जागी थांबतो, बाजूला लाकडी ठोकळे कडाडतात, आणि त्या क्षणी सगळ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी त्याच्या घराण्याचं नाव पुकारतं. ते कुणीतरी म्हणजे आमचं मंडळ. पंचेचाळीस वर्षं मी तिथल्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे. तू लहान असताना तुझा बाप तुला सांगायचा, काका नाटकात बोंबा मारतो. तो एकदाच माझ्याबरोबर आला होता आणि अख्खा अंक घोरत होता, त्याचं काय मनावर घ्यायचं.

दोन नोव्हेंबरला मिसुमी घराण्यात नामग्रहण आहे. पाचवा रानझो जाऊन सव्वा वर्ष झालं, आता त्याचा पोरगा ते नाव घेऊन सहावा रानझो होणार. घराण्याची हाक तीच, कागारिया. अशा प्रयोगात पहिली हाक मंडळातल्या सगळ्यात जुन्या माणसाची. त्याने तोंड उघडेपर्यंत बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही, असा आमचा कायदा आहे. सगळ्यात जुना मी. तोवर घसा सुधारला नाही तर ती हाक उराबेकडे जाईल. उराबे लोणची विकतो आणि त्याची हाक म्हणजे बरणीचं झाकण पडल्यासारखी.

पोरगा तसा ठोंब्या आहे. मान वळवतो तेव्हा वाटतं दाराची कडी काढतोय. पण घराणं ते घराणं.

दुकान चालू आहे. मी बोलत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं वाढली आहेत. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी दुकान बदललं होतं ते परत यायला लागलेत. मला याचा फार राग आलाय, पण पाटी लहान आहे, सगळा राग मावत नाही.

फोन करू नकोस, तो काकू उचलते आणि फार मजेत असते. पत्र लिही. आणि तुझ्या त्या तळघरातल्या पाच किंचाळणाऱ्या मुलींचं काय चाललंय तेही कळव.

तुझा मुका काका,
तोकुजिरो


हामामात्सु
१६ जून

प्रिय काका,

ऋतू : इथेही दमट, शिवाय लसणाचा वास. कारखान्यात सध्या रोज नव्वद हजार ग्योझा-करंज्या होतात आणि मी सारण भरायच्या यंत्राशी उभी असते. घरी येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी असते.

काकूचा फोन आला होता. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा हवामानाचा अंदाज पूर्ण ऐकला. तुमचा अपमान होईल म्हणून जास्त सांगत नाही.

एक दुरुस्ती. नेजिमाकी या आमच्या नाचगाण्याच्या गटातल्या मुली किंचाळत नाहीत, गातात. किंचाळतो आम्ही चाहते, खाली उभे राहून. तुम्हाला एका शब्दासाठी संध्याकाळभर भिंतीला टेकायला लागतं. आम्हाला गाण्याच्या दोन ओळींमधल्या फटीत अठरा शब्द कोंबायचे असतात, तेही उड्या मारत, हातातला दिवा वर धरून. मग सांगा, कुणाचं काम अवघड?

पण खरी बातमी वाईट आहे, म्हणून इकडचं तिकडचं लिहितेय. माझी लाडकी रिरुका गट सोडतेय. अठ्ठावीस जुलैला तिचा शेवटचा कार्यक्रम. दातांच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचं शिक्षण घेणार म्हणे. काका, सहा वर्षं! तिथे प्रत्येक मुलीचा एक रंग असतो, तिचा हिरवा. माझी छत्री हिरवी, डबा हिरवा, खोलीचे पडदे हिरवे, आईने विचारलं होतं तुला बेडकांची आवड कधीपासून लागली. नोकरी लागली नव्हती त्या वर्षी आठवड्यातून एकदा त्या तळघरात जाऊन मी तिच्या नावाने ओरडले नसते, तर मी कुणाशीच बोलले नसते. आणि आता चालवणारे म्हणतात, ऑगस्टमध्ये एक नवी मुलगी येईल, हिरवा रंग तिला देऊ. द्यायला तो काय कारखान्यातला एप्रन आहे?

तर मी ठरवलंय. नोव्हेंबरला मी टोकियोला येते, तुमच्या शेजारी उभी राहते. मला हाक द्यायला शिकवा. बाईने हाक दिली तर तुमच्या मंडळातले म्हातारे बेशुद्ध पडतात का?

तुमची,
तोमोका


सेंजु
७ जुलै

चि. तोमोका,

ऋतू : आज तानाबाता, कागदावर इच्छा लिहून बांबूला बांधायचा दिवस. काकूने बांधलेला कागद मी वाचला. लिहिलंय, "असंच राहू दे." मी त्याच्या वर माझा बांधला.

मौन सुटलं. आता सकाळी दहा मिनिटं बोलायला परवानगी आहे. पहिल्या दिवशी मी दहाच्या दहा मिनिटं काकूशी भांडलो, फार बरं वाटलं.

मंडळात बाई कधी नव्हती. उराबे नक्की बेशुद्ध पडेल. तेवढ्यासाठी तरी शिकवायला हवं.

तर ऐक. नाव सगळं उच्चारायचं नाही. "का" मनात ठेवायचा, "गारिया" तोंडातून काढायचं, नाहीतर बस कंडक्टर वाटतो. आवाज उंच नको, लांब जायला हवा. पण खरी गोष्ट ही, की नटाचा श्वास पाहायचा. खांदे वर येतात, ठोकळे वाजतात, मान फिरते, फिरते, आणि थांबते. थांबली की हाक. अर्धा श्वास आधी दिलीस तर पवित्रा मोडतो, कारण त्याने अजून थांबायचं असतं आणि लोकांना वाटतं संपलं. अर्धा श्वास उशीर झाला तर लोक हसतात. मी सहा वर्षं नुसता उभा राहून श्वास मोजत होतो, तोंड उघडलं नव्हतं. तू कारखान्यात शीतपेटीच्या दारावर सराव कर : दार फिरतं, फिरतं, थांबलं की हाक.

लोकांना वाटतं ती शाबासकी असते. शाबासकी कसली? आम्ही एवढंच सांगतो की पाहिलं बरं का, कुणीतरी नीट पाहिलं.

पाचव्याला मी तो सव्वीस वर्षांचा असल्यापासून हाक दिली. आम्ही एकदाही बोललो नाही. हाक देणाऱ्याने नटाच्या खोलीत जायचं नसतं, सलगी झाली की हाकेत पाणी पडतं. पण तो फुलवाटेवरून, प्रेक्षकांच्या मधून चालत यायचा, मान फिरायला लागायची आणि मला कळायचं, आता. घरच्या माणसाचं इतकं कळत नाही. काकूला विचार. त्याच्या शेवटच्या प्रयोगाचं मात्र विचारू नकोस.

तुझ्या रिरुकाचं वाईट वाटलं, पण बाविसाव्या वर्षी निवृत्ती? आमच्याकडे एक म्हातारा चौऱ्याऐंशीव्या वर्षी सोळा वर्षांची राजकन्या करायचा. बसला की उठताना मागून दोघे धरायचे. आणि काय लाजायचा, अगं! वरच्या मजल्यावरचे निम्मे पुरुष त्याच्या प्रेमात होते.

काका


हामामात्सु
१३ ऑगस्ट

प्रिय काका,

ऋतू : मरणाचं ऊन. आजपासून पितरांची सुट्टी, घरीच आहे. आजोबांच्या थडग्यावर पाणी घातलं आणि तुमच्या घशाचं कळवलं.

रिरुकाचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यावर मी काही लिहिणार नाही, कारण लिहायला बसले की कागद ओला होतो. एवढंच सांगते, तळघरातल्या एकशे दहाच्या एकशे दहा जणांनी हिरवे दिवे लावले. दुसऱ्या मुलींवर जीव टाकणाऱ्यांनीसुद्धा.

आता त्यापुढचं ऐका, तुम्हाला आवडेल. दहा ऑगस्टला नवी मुलगी आली. माहिरु नाव, एकोणीस वर्षांची, पायांत रिरुकाचेच बूट, पुढे कापूस घातलेले असणार. तिच्या वाट्याच्या दोन ओळी आल्या. त्या ओळींनंतर एक फट असते, तिथे हिरवे दिवे वर जायचे आणि आम्ही नाव पुकारायचो. आम्ही सदतीस जण आहोत, हिरव्या रंगाचे जुने. काहीही ठरवलेलं नव्हतं, आईशप्पथ. ती फट आली आणि सदतीस जण दिवे बंद करून उभे राहिले, तोंडं मिटून. नुसती गाण्याची धून वाजत होती. एकाने खोकून घेतलं, तेवढंच. अर्धा श्वास पुढे नाही, मागे नाही. मला तुमची आठवण झाली.

ऑगस्ट आला, आवाज आला का? मी शीतपेटीच्या दारावर सराव करतेय. काल मुकादम धावत आला, त्याला वाटलं बोट अडकलं.

तुमची शिष्या,
तोमोका


सेंजु
९ सप्टेंबर

चि. तोमोका,

ऋतू : वादळ येऊन गेलं. दुकानासमोरचा न्हाव्याच्या खुणेचा लाल-पांढरा खांब फिरायचा थांबलाय.

शाब्बास. न दिलेली हाक ही आमच्याकडची सगळ्यात जहाल शिवी. शिव्या देणाऱ्याला नट विसरतो, गप्प बसलेल्याला विसरत नाही. नाव काय, बूट काय, आयते पायांत घातले म्हणजे आपले होतात असं या पोरांना वाटतं. कुणीतरी सांगायला हवं. सदतीस जणांना माझा नमस्कार.

माझ्याकडचं बरं नाही. आवाज आलेला नाही. बोलतो तेव्हा जुन्या कात्रीसारखा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतो, वर्ष लागेल, कदाचित येणारही नाही. तेव्हा गेल्या सोमवारी दुकान बंद असताना मंडळाची बैठक घेतली आणि पहिली हाक उराबेला देऊन टाकली. बैठक म्हणजे आम्ही चौघे आणि त्यातला एक ठार बहिरा. उराबेच्या डोळ्यांत पाणी आलं. गाढव कुठला.

दोन तारखेचं तुझं तिकीट सोबत पाठवतोय. तू जा, वरच्या शेवटच्या रांगेत बस आणि काय झालं ते लिही. मी येणार नाही. मुक्याने भिंतीला टेकून काय करायचं? आणि त्या ठोंब्याला उराबेच शोभतो.

काका


हामामात्सु
२१ सप्टेंबर

खोटारडे काका,

ऋतूबितू काही नाही आज.

काकूचा फोन आला. काय म्हणाली ते शब्दशः लिहिते. "मंगळवारी सकाळी कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळे बसले होते. तुझे काका दारातून एकदाच ओरडले. कावळे गेले, पलीकडच्या गल्लीतला कुत्रा पलंगाखाली गेला, आणि समोरच्या मात्सुनागाबाईंनी विचारलं, अहो, बरे झाले वाटतं?" डॉक्टरने जुलैअखेरच तुम्हाला सोडलं. काकूला वाटत होतं मला माहीत आहे. मला वाटत होतं तुमचा आवाज गेला तो गेलाच. मग आम्ही दोघी तुमच्याबद्दल जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

का, काका? तुम्ही जाणार नाही तर जाऊ नका. पण मी तीन महिने रोज सकाळी तुमच्या घशासाठी देवाला हात जोडतेय. देवाला पण फसवलंत.

मला रागावून पत्र संपवायचं होतं, पण मलाही काहीतरी सांगायचंय. ऑगस्टच्या त्या गोष्टीचा उरलेला भाग मी लिहिला नव्हता. मीही फार सज्जन नाही.

कार्यक्रम संपला की पाची मुली भिंतीला ओळीने उभ्या राहतात आणि आपापल्या आवडीच्या मुलीसमोर लोक रांग लावतात. एक फोटो, दोन मिनिटं गप्पा. त्या दिवशी माहिरुसमोर रांगच नव्हती. चाळीस मिनिटं ती एकटी उभी होती, दोन्ही हात पुढे धरून, हसत. तिथून हलायची परवानगी नसते. आम्ही सदतीस जण समोरच्या भिंतीला टेकून ते पाहत होतो. पुढच्या कार्यक्रमाला तेच. त्याच्या पुढच्या वेळी मला संडासला जायचं होतं आणि वाट तिच्या समोरूनच होती. मी मान खाली घालून निघाले तर ती म्हणाली, "तोमोका-सान."

माझं नाव तिला कसं माहीत? ती म्हणाली, "दोन वर्षं मी तुमच्या मागे उभी राहायचे, तिसऱ्या रांगेत. मला रिरुकासाठी ओरडायचं असायचं, पण लाज वाटायची. तुमचा आवाज निघाला की मी माझा त्यात मिसळून घ्यायचे." म्हणजे ती आमच्यातलीच, काका. अडतिसावी. रिरुका गेली त्या दिवशी ती पण रडली असणार, आमच्याच मागे उभी राहून. आणि त्या फटीत आम्ही गप्प बसलो तेव्हा त्याचा अर्थ त्या खोलीत सगळ्यात नीट तिला कळला असणार.

मी तिच्याबरोबर फोटो काढला. त्यात मी भूत पाहिल्यासारखी दिसतेय. गेल्या रविवारी ती फट आली आणि मी दिवा लावला. एकटीने. छत्तीस जणांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देशद्रोह केलाय. मी ओरडले, आवाज फाटला, पण ओरडले.

आता तुमची पाळी. खरं काय ते लिहा. नाहीतर मी काकूला सांगून तुमची पाटी परत गळ्यात बांधायला लावेन.

तोमोका


सेंजु
४ ऑक्टोबर

चि. तोमोका,

ऋतू : बरा आहे. ऋतूला काही झालेलं नाही, मला झालंय.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून. काकू आज माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे निवांत लिहिता येतंय.

पाचव्याचा शेवटचा प्रयोग गेल्या वर्षीच्या जानेवारीत होता. घंटाचोराचा अंक. त्यात शेवटी चोर देवळातली मोठी घंटा उलथवतो, डावा पाय तिच्यावर ठेवतो, दोन्ही हात पसरतो आणि थांबतो. पाचव्याचा तो पवित्रा पाहायला लोक दूरच्या क्यूशू बेटाहून यायचे. मी तो दोनशे वेळा तरी पाहिलाय, मला त्याची लांबी हाडांत माहीत आहे. त्या दिवशी त्याने पाय ठेवला, हात पसरले, ठोकळे कडाडले आणि मान फिरायला लागली. तेव्हा मला त्याचा गुडघा दिसला. खाली ठेवलेल्या पायाचा, घोळदार विजारीच्या आत. थरथरत होता. खालच्या महागड्या खुर्च्यांवर कुणाला दिसला नसेल. मला वाटलं, हा पडणार. आता, सगळ्यांसमोर पडणार.

आणि मी हाक दिली. अर्धा श्वास आधी.

चुकून नाही गं. मुद्दाम. हाक पडली की टाळ्या पडतात, टाळ्या पडल्या की त्याला पाय खाली घेता येईल, एवढा हिशेब मी त्या क्षणात केला. पवित्रा फुटला. मान अजून पूर्ण फिरली नव्हती, लोक टाळ्या वाजवायला लागले, त्याने पाय खाली घेतला. जाता जाता त्याने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. पंचेचाळीस वर्षांत कुठल्याही नटाने वर पाहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी तो गेला. यकृत होतं, बरेच दिवस लपवलं होतं म्हणे.

मंडळात कुणी मला बोललं नाही. उराबे म्हणाला, "होतं कधीकधी." त्याला वाटलं म्हातारपणी माझा अंदाज चुकला. तसं असतं तर चाललं असतं. मला दया आली, तोमोका. नटाची दया! त्याने आयुष्यभर वरच्या मजल्याकडे कधी दया मागितली नाही, आणि मी त्याच्या शेवटच्या पवित्र्यावर ती फेकली, एखाद्या भिकाऱ्याला द्यावी तशी. तो पडला असता तर निदान ते पडणं त्याचं स्वतःचं असतं.

आणि त्या दिवशी पोरगा रंगमंचावर होता. चोराचा चेला झालेला, घंटेमागे गुडघे टेकून. त्याने सगळं ऐकलं. आता त्याच अंकात त्याच घंटेवर तो पाय ठेवणार, आणि पहिली हाक त्याच माणसाची? कोणत्या तोंडाने द्यायची? घसा बरा झाला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, अरे देवा, आता कारणच उरलं नाही. म्हणून नवीन बनवलं.

तो ठोंब्या आहे हे मात्र खरंच. ते मी खोटं लिहिलेलं नाही.

काका


हामामात्सु
२० ऑक्टोबर

प्रिय काका,

ऋतू : माझ्या छत्रीचा दांडा तुटला.

तुमचं पत्र कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि सारणात रडले. कांद्यावर ढकललं.

मला मोठं काही सांगता येत नाही. मी तळघरातली आहे. पण तुम्हीच लिहिलं होतं ना, हाक म्हणजे पाहिलं बरं का. मग तुम्ही पाहिलंत. तो गुडघा दोन हजार माणसांत एकट्या तुम्हाला दिसला. वेळ चुकली असेल, पाहणं चुकलं नाही. आणि दया आली तर काय झालं, माणूस आहात, भिंत थोडेच आहात?

आता घाण बातमी. दोन तारखेला मी येऊ शकत नाही. त्याच दुपारी माहिरुचं पहिलं एकटीचं गाणं आहे. आतापर्यंत आम्ही अकरा जण दिवा लावतो. अकरा जणांत मी नसले तर दहाच उरतात. तुम्हाला हे कळेल, जगात दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

म्हणून तुम्ही पाठवलेलं तिकीट मी काकूला पाठवून दिलंय. ती म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं हे कुणासाठी घसा फाडतायत ते एकदा बघते तरी." आणि म्हणाली, तुम्ही आला नाहीत तर ती एकटी जाणार. आणि तिथे कुणी हाक दिली नाही तर ती स्वतः देणार. मी तिला शिकवलंय, फोनवर. "का" मनात ठेवायचा, हे तिला पटत नाही. ती म्हणते, एवढं लांब जाऊन अर्धंच नाव का घ्यायचं?

आता ठरवा.

तोमोका


सेंजु
३ नोव्हेंबर

चि. तोमोका,

ऋतू : मला माहीत नाही, खिडकी उघडली नाही.

गेलो. तुझ्या काकूच्या धाकाने गेलो. ती निळा किमोनो घालून दारात उभी होती आणि म्हणाली, "येणार असाल तर या, नाहीतर किल्ली कुंडीखाली ठेवा." वरच्या मजल्यावर ती शेवटच्या रांगेत बसली, मी तिच्या मागे भिंतीला टेकलो. मला पाहून उराबेचा चेहरा पडला, पण त्याने मान लववली आणि दोन पावलं मागे सरकला. कायदा तो कायदा. मी त्याला सांगणार होतो की बाबा रे, तूच दे, मी नुसता उभा राहायला आलोय. तेवढ्यात पडदा सरकला.

पोरगा पहिला अर्धा तास होता तसाच होता. कडी काढत होता. काकू मागे वळून म्हणाली, "हाच का तो?" मी म्हटलं, हाच.

मग घंटा. त्याने ती उलथवली. डावा पाय ठेवला, हात पसरले. ठोकळे कडाडले, मान फिरायला लागली. श्वास मला दिसत होता, सगळं दिसत होतं. मान थांबली. आता. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. घसा नाही गं, घसा ठणठणीत होता. मला वाटलं, आधी तर होत नाही ना? खात्रीच वाटेना. अर्धा श्वास गेला. अख्खा गेला. उराबे माझ्याकडे पाहत होता, त्याच्या गळ्याची शीर ताणलेली, पण तो गप्प. दोन हजार माणसं गप्प. असं नामग्रहण कुणी पाहिलं नसेल. कुठेतरी एक बाई खुर्चीत हलली, तेवढा आवाज.

आता तो मोडणार, असं मला वाटलं. हाक पडली नाही तर नट पवित्रा सोडतो आणि पुढे जातो, दुसरं काय करणार? त्याने सोडला नाही. शामिसेनच्या तारा छेडणाऱ्याचा हात वर होता तसाच वर राहिला. ठोकळेवाला मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पोराकडे पाहत होता. तिसरा श्वास गेला. पोराच्या कपाळावरून पांढऱ्या रंगात घामाची रेघ उतरली, पण गुडघा हलला नाही, मी तोच पाहत होतो. आणि मग मला कळलं की तो अडकलेला नाही. तो थांबलाय. पंचेचाळीस वर्षं मी नटांसाठी थांबलो, पहिल्यांदा एक नट माझ्यासाठी थांबला होता.

मी हाक दिली. कशी दिली ते विचारू नकोस. "का" सुद्धा तोंडातून गेला असेल. उराबे म्हणतो, बस कंडक्टर वाटलास. पण मग उराबे, बहिरा, सगळे, खालचे, मधले, आणि तुझी काकू! काकूने असा आवाज काढला की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातून जेवणाचा डबा पडला. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं तिच्यात एवढा आवाज आहे. म्हणजे एरवी ती दया दाखवत होती.

प्रयोगानंतर आम्ही जिना उतरत होतो तर एक वेशभूषावाला धावत आला. सहाव्याने बोलावलंय. मी म्हटलं, हाक देणारे आत जात नाहीत. तो म्हणाला, ते म्हणाले होते तुम्ही असंच म्हणाल, म्हणून ते बाहेर आलेत. खरंच बोळात उभा होता, अर्धा रंग पुसलेला, एक भुवई होती, एक नव्हती. जवळून पाहिलं तर पोरगाच आहे. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "त्या दिवशी बाबा रंग पुसताना हसत होते. म्हणाले, गुडघा गेलाय हे मी डॉक्टरला सांगितलं नाही, तुझ्या आईला सांगितलं नाही, आणि वरच्या भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला दिसलं. चला, एकाला तरी दिसलं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. मला वाटलं आज तुम्हाला वेळ लागेल, म्हणून थांबलो."

मी त्याला बरंच काही सांगणार होतो. मान कशी वळवायची, दुसऱ्या प्रवेशातलं चालणं का फसतंय, सगळं तोंडावर तयार होतं. पण तोमोका, नुसता उभा राहिलो, डोळे पुसत.

शेवटी तुझी काकूच त्याला म्हणाली, "उद्या येतील हे. परवाही येतील. तुम्ही आत जा, भुवई पुसा."

काका